मैदान आणि दवाखाना : वाढत्या वयातील आरोग्याची दोन अंगे

शाळेच्या मैदानावर खो-खोचा डाव रंगलेला असतो. आठ गडी ओळीत बसलेले असतात, नववा पाठलाग करीत असतो, आणि पाठीवर थाप पडताच बसलेला गडी बाणासारखा सुटतो. सर्वांचे लक्ष त्या धावण्याकडे लागलेले असते. परंतु त्याच वेळी मैदानाच्या कडेला, एखाद्या झाडाच्या सावलीत, चार-दोन मुले बसून असतात. त्यांपैकी एकीला थोडे धावले की धाप लागते. एकाला दुरून येणारा चेंडू नीट दिसतच नाही. आणखी एक मुलगी पूर्वी चांगली खेळत असे. पण गेल्या वर्षापासून ती मैदानात उतरलेली नाही. शिक्षक त्यांना आळशी म्हणतात, सोबती चिडवितात, आणि काही काळाने ती मुलेही स्वतःला तशीच समजू लागतात.

ही पुस्तिका मुख्यतः कडेला बसलेल्या या मुलांविषयी आहे. तरुण पिढीच्या आरोग्याची चर्चा निघाली म्हणजे दोन मते ऐकू येतात. काहींच्या मते मुलांना भरपूर व्यायाम दिला की वैद्याची गरजच उरत नाही. इतरांच्या मते आरोग्य ही औषधांची आणि इस्पितळांची बाब असून खेळ ही केवळ करमणूक होय. ही दोन्ही मते अर्धवट आहेत. मैदानावर शरीर घडते हे खरे. परंतु शरीरात दडलेले दुखणे प्रथम उघडे पडते तेही बहुधा मैदानावरच. आणि दवाखान्याचे काम रोग बरा करण्यापाशी संपत नाही. बरे झालेले मूल पुन्हा मैदानात उतरले म्हणजेच ते काम पुरे झाले असे म्हणता येते. ही दोन अंगे एकमेकांशी कशी जोडलेली आहेत, ते आपण क्रमाने पाहू.

धावताना शरीरात काय घडते?

प्रौढ मनुष्य स्वस्थ बसलेला असता त्याचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलीत असते. तोच मनुष्य जोराने धावू लागला की हे प्रमाण २० लिटरांपर्यंत, आणि सराव असलेल्या खेळाडूच्या बाबतीत त्याहूनही वर जाते. हे वाढलेले रक्त मुख्यतः काम करणाऱ्या स्नायूंकडे वळविले जाते. स्नायूंना प्राणवायू हवा असतो आणि साखरही हवी असते. फुप्फुसे जलद चालू लागतात, त्वचेखालील रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो आणि शरीरात निर्माण झालेली उष्णता बाहेर टाकली जाते. एका साध्या धावण्यात हृदय, फुप्फुसे, रक्त, स्नायू, त्वचा आणि मेंदू या सर्वांची जणू एकाच वेळी परीक्षा होते.

ही परीक्षा रोज घेतली तर शरीर तिच्यासाठी तयार होत जाते. हृदयाचा प्रत्येक ठोका अधिक रक्त ढकलू लागतो, म्हणून विश्रांतीच्या वेळी त्याला कमी ठोक्यांत भागविता येते. स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. आणखी एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. रक्तातील साखर पेशींमध्ये शिरण्यासाठी सामान्यतः इन्शुलिन या स्रावाची गरज असते. परंतु आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनच्या मदतीवाचूनही बरीच साखर ओढून घेऊ शकतो. नियमित व्यायामाने मधुमेहाला आळा बसतो, त्याचे एक कारण हे आहे.

हाडांचेही असेच आहे. हाड ही निर्जीव काठी नव्हे. त्यातील जुना भाग सतत झिजविला जातो आणि नवा भाग रचला जातो. ज्या दिशेने भार पडेल त्या दिशेने ही रचना बळकट होते. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हाताच्या हाडापेक्षा जाड व मजबूत झालेले आढळते. एकाच माणसाचे दोन हात, एकच आहार, एकच वंश. भेद आहे तो केवळ भाराचा. प्रौढपणी आपल्या अस्थींत जेवढे खनिज असते, त्याचा सुमारे चौथा हिस्सा किशोरवयातील वाढीच्या ऐन भराच्या दोन वर्षांत साठविला जातो. उडी मारणे, धावणे, दोरीवरून उड्या घेणे, लंगडी खेळणे यांमुळे ही साठवण वाढते. उतारवयात या ठेवीतूनच खर्च करावयाचा असतो. म्हणून बारा-चौदा वर्षांच्या मुलीला खेळू न देणे म्हणजे तिच्या साठाव्या वर्षीच्या हाडांवर घाव घालण्यासारखे आहे.

लंडनच्या बसगाड्यांवरील शोध

व्यायामाने प्रकृती सुधारते, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना ठाऊक होतीच. पण ठाऊक असणे आणि मोजून दाखविणे यांत अंतर असते. विसाव्या शतकाच्या मध्यास हे मोजण्याचे काम जेरी मॉरिस या ब्रिटिश वैद्याने केले. त्या काळी लंडनमध्ये दुमजली बसगाड्या धावत. प्रत्येक गाडीवर दोन माणसे असत. चालक दिवसभर बसून गाडी हाकी. कंडक्टर तिकिटे देण्यासाठी दिवसभर जिन्याने वरखाली करी. दोघांची राहणी बरीचशी सारखी, मालक एकच, शहरही एकच. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हा विकार कंडक्टरांना चालकांपेक्षा कमी प्रमाणात होतो, आणि झालाच तर त्याचे स्वरूप तितके घातक नसते, असे त्यांना दिसून आले. हे निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाले.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. जे मुळातच स्थूल होते तेच चालक झाले असतील, तर दोष बसण्याचा कसा म्हणावा? ही शंका मॉरिस यांनाही आली. त्यांनी कामगारांना दिलेल्या गणवेशांच्या मापांची नोंद तपासली. चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर खरोखरच अधिक होता, आणि तो अगदी कोवळ्या वयाच्या चालकांतही अधिक होता. म्हणजे शंकेत तथ्य होते. परंतु शोध तेथे थांबला नाही. टपाल वाटणारे आणि मेजाशी बसून काम करणारे कर्मचारी, तसेच फावल्या वेळात जोमाने व्यायाम करणारे आणि न करणारे सरकारी नोकर, अशा निरनिराळ्या गटांची तुलना पुढे अनेक वर्षे होत राहिली. शारीरिक श्रमाने हृदयाचे रक्षण होते हा निष्कर्ष या सर्व तपासण्यांतून तावून सुलाखून निघाला. विज्ञानात शंका ही शोधाची शत्रू नसून सोबतीण असते, याचे हे एक चांगले उदाहरण आहे.

हे अभ्यास प्रौढांवर झालेले होते. मग त्यांचा शाळकरी मुलांशी संबंध काय? हृदयविकार आणि मधुमेह चाळिशीत प्रकट होत असले तरी बैठेपणाची सवय लहान वयातच जडते. जगातील १४६ देशांतील ११ ते १७ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांविषयीचा एक मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१६ साली या वयाच्या दर शंभर मुलामुलींपैकी ८१ जणांना पुरेसा व्यायाम मिळत नव्हता. मुलग्यांत हे प्रमाण सुमारे ७८ टक्के, तर मुलींत सुमारे ८५ टक्के होते. म्हणजे कडेला बसलेली मुले चार-दोन नाहीत. जगाचा विचार केला तर मैदानात उतरणारीच थोडी आहेत.

रक्तातील लोह आणि ‘आळस’

आता झाडाखाली बसलेल्या त्या पहिल्या मुलीकडे वळू. तिला धाप का लागते?

प्राणवायू रक्तातून वाहून नेण्याचे काम तांबड्या पेशींतील हीमोग्लोबिन हे द्रव्य करते. त्याच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि प्रत्येक अणू प्राणवायूचा एकेक रेणू धरून ठेवतो. लोह कमी पडले की हीमोग्लोबिन कमी तयार होते; हीमोग्लोबिन कमी झाले की तेवढाच प्राणवायू पोचविण्यासाठी हृदयाला अधिक वेळा धडधडावे लागते. अशा मुलीचे हृदय बसल्या जागी काम भागवते. पण धावू लागताच त्याची शक्ती अपुरी पडते. छाती धडधडते, पाय जड होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. या स्थितीला रक्तक्षय किंवा पंडुरोग म्हणतात. वर्गात तिचे लक्ष लागत नाही, सायंकाळी ती निजून असते, आणि घरातील माणसे म्हणतात, ‘हिला कामाचा कंटाळा.’

बारा वर्षांवरील मुलीच्या रक्तात दर १०० मिलिलिटरांमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी हीमोग्लोबिन असेल तर तिला रक्तक्षय आहे असे मानतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षे वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये आणि ३१.१ टक्के मुलग्यांमध्ये रक्तक्षय आढळला. बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्ताच्या तपासणीत थोडाफार फरक पडू शकतो हे मान्य केले, तरी एवढ्या मोठ्या आकड्याकडे डोळेझाक करता येत नाही. निम्म्याहून अधिक मुलींचे रक्तच जर अपुरे असेल, तर त्यांना केवळ ‘खेळा, धावा’ असे सांगणे म्हणजे तेल नसलेल्या दिव्याला ‘जळ’ म्हणण्यासारखे होय.

या वयातच लोह का कमी पडते? शरीर झपाट्याने वाढत असते, रक्ताचे एकूण प्रमाण वाढत असते, आणि मुलींच्या बाबतीत मासिक ऋतुस्रावाने दरमहा काही लोह बाहेर जात असते. आहारात मात्र लोहाची त्या मानाने भर पडत नाही. शिवाय अंकुशकृमी नावाचे जंत हेही एक कारण आहे. त्यांची सूक्ष्म पिले दूषित ओल्या मातीत वाढतात, अनवाणी पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात आणि अखेर आतड्याला चिकटून रक्त शोषतात. उघड्यावर शौचाला बसण्याची चाल आणि अनवाणी चालणे यांतून हे चक्र फिरत राहते. म्हणून शौचालय आणि पायांतील साधी चप्पल यांचाही रक्ताशी संबंध आहे.

उपाय महाग नाही. आपल्या देशात १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची व फॉलिक आम्लाची गोळी विनामूल्य देण्याची योजना आहे. ही निळ्या रंगाची गोळी बहुतेक शाळांतून मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते. त्याखेरीज २०१५ सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि त्या दिवशी जंतांवरील गोळी दिली जाते. ज्यांना रक्तक्षय झालेलाच आहे त्यांना मात्र आठवड्याची गोळी पुरत नाही. त्यांनी वैद्याच्या सल्ल्याने काही महिने रोज गोळ्या घ्यावयाच्या असतात. गोळीने कधी मळमळते आणि शौचाला काळे होते. हे आधी सांगितले नाही तर मुली घाबरून गोळ्या टाकून देतात. ती जेवणानंतर घ्यावी, लिंबू किंवा आवळा यांसारखे आंबट पदार्थ आहारात असावेत, आणि गोळीच्या आगेमागे चहा घेऊ नये. कारण आंबट फळांतील क जीवनसत्त्वाने लोह चांगले शोषले जाते, तर चहाने त्यास अडथळा होतो.

दडून राहिलेली आणखी काही कारणे

धाप लागण्याचे कारण दर वेळी रक्तक्षय असेलच असे नाही. कधी ते हृदयाच्या झडपेत असते. काही मुलांचा घसा एका विशिष्ट जातीच्या जंतूंमुळे सुजतो. घसा बरा होतो. पण दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे एकामागून एक दुखू लागतात आणि शरीराचीच संरक्षक यंत्रणा हृदयाच्या झडपांवर उलटते. या रोगाला संधिवाताचा ज्वर म्हणतात आणि तो मुख्यतः ५ ते १५ वर्षांच्या वयात होतो. तो वारंवार झाला तर झडपा कायमच्या आखडतात. वास्तविक घशाच्या दुखण्यावर वेळीच पेनिसिलिन मिळाले तर हा ज्वर टळतो. आणि एकदा येऊन गेला असला, तरी ठराविक आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई नियमितपणे टोचून घेतल्यास तो पुन्हा उलटत नाही. औषध साधे आणि स्वस्त आहे. पण ते अनेक वर्षे न चुकता घ्यावे लागते, आणि दवाखाना वीस मैलांवर असेल तर हे कसे साधावे?

दम्याचे उदाहरण याहून निराळे आहे. दमा असलेल्या मुलाला खेळापासून दूर ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. जलद श्वासोच्छ्‌वासाने श्वासनलिका कोरड्या पडून आकसतात आणि त्याला खोकला येतो हे खरे. परंतु श्वासावाटे घ्यावयाचे योग्य औषध नियमित मिळाले, तर बहुतेक अशी मुले इतरांप्रमाणे खेळू शकतात. ऑलिम्पिक सामन्यांत उतरलेल्या खेळाडूंतही दमा असलेले अनेक जण असतात. येथे दवाखाना मुलाला मैदानातून बाहेर काढीत नाही, उलट आत पाठवितो.

ज्याला चेंडू दिसत नाही त्या मुलाला बहुधा चष्मा हवा असतो. जवळचे दिसणे आणि दूरचे न दिसणे या दोषाला ऱ्हस्वदृष्टी म्हणतात. त्यात डोळ्याचा गोल प्रमाणाबाहेर लांबट होतो. चीनमधील ग्वांगझू येथे १२ शाळांत याविषयी एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे अधिक वेळ उघड्यावर, सूर्यप्रकाशात नेण्यात आले. उरलेल्या शाळांचा क्रम पूर्वीप्रमाणेच ठेवला. तीन वर्षांनी पहिल्या गटातील ३०.४ टक्के, तर दुसऱ्या गटातील ३९.५ टक्के मुलांना नव्याने ऱ्हस्वदृष्टी जडलेली दिसली. हा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. बाहेरच्या प्रखर उजेडात डोळ्याची लांबट होण्याची क्रिया मंदावते, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. जडलेला दोष चष्म्याने दुरुस्त करावयाचा; पण तो टाळण्यास मैदान मदत करते.

राहिली ती तिसरी मुलगी, जिने वर्षभरात खेळ सोडला आहे. तिला कदाचित कोणताच रोग नसेल. ऋतुप्राप्ती झाली, शाळेत स्वच्छ शौचालय नाही, पाणी नाही, आणि आता धावणे शोभत नाही असे घरच्यांनी सांगितले. एवढेच कारण पुरते. ऋतुकाळात खेळणे अपायकारक नाही. त्रास होत असल्यास विश्रांती घ्यावी, नसल्यास खुशाल खेळावे. स्राव फार होत असेल तर मात्र रक्त तपासून घ्यावे. ही चार वाक्ये तिला आणि तिच्या आईला सांगणारे कोणी असावे, हीदेखील आरोग्यसेवाच होय.

दवाखाना हाकेच्या अंतरावर हवा

शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी आपल्या देशात प्रथम १९०९ साली बडोदे शहरात झाली. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, आणि आरोग्यसेवा लोकांच्या शक्य तेवढी जवळ असावी, ही तिची प्रमुख सूत्रे होती. १९५२ साली सामूहिक विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. १९६० साली शालेय आरोग्याचा विचार करण्यासाठी रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली व तिने पुढील वर्षी अहवाल दिला. आज सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असा दंडक आहे.

२०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात व्यंगे, उणिवांमुळे होणारे विकार, बालवयातील रोग आणि विकासातील मांद्य या चार दृष्टींनी तपासणी होते. वैद्य, परिचारिका व औषधनिर्माता यांचे फिरते पथक सरकारी शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांत दोनदा जाते. ज्यांना दोष आढळेल त्यांना वरच्या रुग्णालयात पाठवून उपचार, आणि गरज पडल्यास शस्त्रक्रियाही, विनामूल्य करावयाची अशी तरतूद आहे. २०१४ साली १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम निघाला. त्यातील दवाखान्यांना निरनिराळ्या राज्यांत निरनिराळी नावे आहेत. महाराष्ट्रात ‘मैत्री’, कर्नाटकात ‘स्नेह’, पश्चिम बंगालमध्ये ‘अन्वेषा’. ही नावे सहज दिलेली नाहीत. या वयात मुले संकोची असतात. आपले बोलणे गावभर होईल अशी भीती वाटली तर ती दवाखान्याची पायरी चढत नाहीत. म्हणून दवाखाना जवळ असून भागत नाही. तेथे मुलांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणारा आणि गुप्त राखणारा माणूसही असावा लागतो. मनाच्या दुखण्यासाठी २०२२ सालापासून ‘टेली मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली आहे.

योजना आहेत, मग उणीव कोठे राहते? बहुधा तपासणी आणि उपचार यांच्यामधील वाटेवर. शाळेत पथक येते, मुलाच्या हातात चिठ्ठी दिली जाते आणि जिल्ह्याच्या गावी जाण्यास सांगितले जाते. त्यासाठी बापाची एका दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, आणि तेथे गेल्यावर आज वैद्य रजेवर आहेत असे कळते. चिठ्ठी दप्तरात चुरगळते आणि मूल पुन्हा झाडाखाली येऊन बसते. तपासलेल्या मुलांची संख्या ही यशाची मोजणी नव्हे. किती मुले बरी होऊन खेळू लागली, ही खरी मोजणी होय.

व्यायाम किती आणि कसा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींना रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस श्रम घडले पाहिजेत, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस त्यांत स्नायू व हाडे बळकट करणारे प्रकार असावेत. हा तास सलग असण्याची गरज नाही. शाळेला पायी जाणे, मधल्या सुटीतील लगोरी, सायंकाळचा कबड्डीचा डाव, सकाळचे सूर्यनमस्कार हे सारे त्यात जमेस धरता येते. श्रम किती झाले हे ओळखण्याची साधी खूण अशी : श्रम मध्यम असतील तर बोलता येते पण गाता येत नाही, जोरकस असतील तर चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो.

प्रारंभ हळू करावा आणि वेळ आठवड्या-आठवड्याने वाढवावा. उन्हाच्या वेळी कष्टाचे खेळ टाळून पाणी वारंवार प्यावे. अंगात ताप असता खेळू नये. धावताना छातीत दुखणे, एकाएकी भोवळ येऊन पडणे, ओठ निळसर होणे यांपैकी काहीही झाल्यास त्याला अशक्तपणा समजून सोडून देऊ नये. खेळ थांबवून त्याच दिवशी वैद्यास दाखवावे. अपंगत्व असलेल्या मुलांनाही हाच सल्ला लागू आहे. खेळाचा प्रकार तेवढा त्यांच्या शक्तीला साजेसा निवडावा.

शाळेच्या हाती काय आहे?

शाळेला फार खर्चाची साधने लागत नाहीत. खो-खोला दोन खांब पुरतात, कबड्डीला चुन्याच्या चार रेघा. खरी गरज आहे ती वेळापत्रकातील खेळाचा तास गणिताला न देण्याची. पळावयास लावणे ही शिक्षा म्हणून कधी वापरू नये. ज्याची शिक्षा म्हणून ओळख झाली त्याची आवड लागत नाही. मुलींना मैदानावर हक्काची वेळ आणि जागा राखून ठेवावी.

याबरोबरच एक साधी वही ठेवावी. तीत वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाची उंची व वजन लिहावे. खेळाच्या वेळी सातत्याने मागे पडणाऱ्या मुलांची नावे वेगळी लिहून त्यांच्यापुढे पाच प्रश्न मांडावेत : धाप लागते काय? डोळ्यांची आतली त्वचा फिकी दिसते काय? फळ्यावरचे दिसते काय? रात्री खोकला येतो काय? सांधे दुखून ताप येऊन गेला होता काय? उत्तरे देण्यासाठी शिक्षकाला वैद्य व्हावे लागत नाही. रोगाचे नाव ठरविणे त्याचे काम नव्हे. कोणाला दाखवावयाचे हे हेरणे मात्र त्याच्याइतके कोणालाच जमत नाही, कारण वैद्य मुलाला वर्षातून एकदा पाहतो आणि शिक्षक रोज पाहतो. चिठ्ठी दिलेल्या मुलापुढे ‘दवाखान्यात गेला काय’ आणि ‘पुन्हा खेळू लागला काय’ असे दोन रकाने आखावेत. दुसरा रकाना भरेपर्यंत ते नाव वहीतून खोडू नये.

२०११ सालच्या जनगणनेनुसार आपल्या देशात १० ते १९ वर्षांची सुमारे २५ कोटी मुलेमुली होती. म्हणजे दर पाच माणसांत एक. ती मुले आता मोठी झाली, त्यांच्या जागी नवी आली. प्रत्येक पिढीच्या वाट्याला हाडे आणि हृदय घडविण्याची ही वर्षे एकदाच येतात. तेव्हा पुढच्या वेळी मैदानाच्या कडेला एखादे मूल बसलेले दिसले, तर त्याला ‘ऊठ, पळ’ असे म्हणण्यापूर्वी त्याच्याजवळ जाऊन ‘तुला काय होते?’ एवढे विचारावे. पुष्कळदा उत्तर एखाद्या गोळीत, एखाद्या चष्म्यात किंवा धीराच्या दोन शब्दांत सापडते. आणि मग तेच मूल न सांगता उठून धावू लागते.